काहीच नसलेलं बघायला

अव्वा,

तू गेलीस त्याला सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. त्याआधीही कधी लिहिली नव्हती. अंटार्क्टिकावर होतो तेव्हा लिहिता आलं असतं, पण आम्हाला तिथे सोडून जहाज परत फिरलं की पुढचं जहाज यायला वर्ष लागायचं, आणि त्याच जहाजानं मीही निघायचो. म्हणजे पत्र आणि मी एकाच दिवशी तुझ्या दारात उभे राहिलो असतो. आज लिहितोय ते आपल्या गिरणीच्या जागेत बसून. तुझी जाती कधीच काढली, आता इथे माझं जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आज सुट्टी आहे, शटर अर्धं ओढून घेतलंय. घरी बसून लिहिलं असतं तर पोरीनं विचारलं असतं, बाबा काय लिहिताय. आणि तिला सांगण्यासारखं यात काही नाही, किंवा सगळंच तिला सांगण्यासारखं आहे, म्हणून इथे आलो.

अप्पा गेल्यावर तू गडहिंग्लजकडचं घर सोडून अक्काला आणि मला, आम्हा दोघा लेकरांना, घेऊन कोल्हापूरला आलीस आणि पिठाची गिरणी घातलीस. लाईट गेली की चालवायला एक जुनं डिझेल इंजिन होतं. ते तुझ्याइतकं कुणालाच कळायचं नाही. तू स्क्रू म्हणून कधी फिरवला नाहीस, पण दळण घेता घेता मान वळवून म्हणायचीस, "पट्टा घसरालाय बघ," आणि पट्टा घसरत असायचा. मी वीस वर्षांचा असताना त्या इंजिनाच्या रिंगा बदलायला घेतल्या होत्या. इंजिन खोलून ठेवलं, रिंगा आणायला म्हणून सायकल काढली आणि दुकानाकडे न वळता मलकापूरचा रस्ता धरला. का, ते मला आजही सांगता येत नाही. घाटावरच्या आंबा गावाला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सकाळी घाटाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पुढे जमीन संपते. खाली धुकं होतं, धुक्यात काहीच दिसत नव्हतं, आणि मी तिथे दोन-तीन तास नुसता उभा होतो.

परत आलो तेव्हा गिरणीच्या दारात दळणाच्या डब्यांची रांग लागलेली. लाईट नव्हती, इंजिन उघडं पडलेलं आणि तू स्टुलावर बसलेली.

"कुठं गेलतास?"

"घाट बघाय."

"घाटात काय हाय?"

"काय न्हाई."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. "काय न्हाई ते बघाय एवढ्या लांब गेलतास व्हय?" म्हणालीस आणि पाना माझ्या हातात दिलास. मारलं असतंस तर बरं झालं असतं. रिंगा आणल्याच नव्हत्या, त्यामुळे तो पाना हातात धरून मी तसाच उभा राहिलो, आणि डबे घेऊन बायका एकेक करून परत गेल्या.

त्यानंतर सात वर्षांनी पेपरात जाहिरात आली. अंटार्क्टिकाच्या मोहिमेला डिझेल मेकॅनिक पाहिजेत. मुलाखत झाली, दिल्लीत तपासण्या झाल्या, बर्फातलं ट्रेनिंग झालं आणि मग तुला सांगितलं. तू पहिला प्रश्न विचारलास तो थंडीचा नव्हता. आपल्या जैनांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. लहानपणापासून दिवेलागणीच्या आत ताटं उचललेली असायची. मी तुला सांगितलं की तिथे उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही.

"मग जेवाय थांबायचं कवा?"

"थांबायचंच न्हाई. चोवीस तास जेवायचं."

अक्का हसली. तू हसली नाहीस. "आनि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात दोन महिने उगवतच न्हाई."

तू दुसऱ्या दिवशी बस्तीत देवदर्शनाला जाऊन तिथल्या पंडितांना विचारलंस, जिथे सूर्यच उगवत नाही तिथे जेवणाचा नियम काय. पंडित बिचारे विचारात पडले. शेवटी म्हणाले, अशा जागेचा नियम मला ठाऊक नाही, पोराला म्हणावं लवकर परत ये. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी पोट धरून हसलो. त्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच काढणार आहेस हे तेव्हा मला कुठं माहीत होतं.

केपटाऊनहून जहाज निघालं आणि तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला. आमच्यातले निम्मे बंकवर आडवे. मला उलट्या थांबल्या की केबिनमध्ये राहवायचं नाही, म्हणून मी वर कप्तानाच्या ब्रिजवर जाऊन एका कोपऱ्यात उभा राहायचो. कप्तान साठी ओलांडलेला परदेशी माणूस होता, आयुष्य सगळं त्या बर्फाच्या समुद्रात गेलेलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यानं सांगितलं की तो दोनदा रिटायर झालाय. दोन्ही वेळा निरोप समारंभ झाला, दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं आणि बायकोनं दोन्ही घड्याळं स्वयंपाकघरात शेजारी शेजारी लावली. पहिल्यांदा आठ महिने घरी टिकला, दुसऱ्यांदा पाच. मग एके दिवशी बायकोच म्हणाली, तू जा बाबा, तू खिडकीपाशी उभा राहून राहून माझा उजेड अडवतोस.

मी विचारलं, तिकडे आहे काय असं?

पुढे करड्या पाण्यात पहिला हिमनग दिसायला लागला होता, आपल्या रंकाळ्याएवढा तरी असेल, आणि त्याच्या पोटात निळा उजेड होता. त्याकडे हात करून तो म्हणाला, "चाळीस वर्षं बघतोय. अजून मला कळलेलं नाही. कळलं की येणं बंद करीन."

मला त्या क्षणी घाटातलं धुकं आठवलं आणि एकदम बरं वाटलं. म्हणजे असला माणूस मी एकटाच नव्हतो. तिथे पोचल्यावर असे आणखी भेटले. तिसऱ्या हिवाळ्याला आलेले डॉक्टर होते. घरी गेलं की रस्त्यावरची गर्दी सोसत नाही म्हणणारा वायरलेसवाला होता. एकमेकांना कुणीच विचारायचं नाही की तू का आलास. विचारण्याची गरजच नव्हती.

मे महिन्याच्या शेवटी सूर्य गेला. दुपारच्या वेळी उत्तरेला एक तांबूस रेघ दिसायची, तेवढाच दिवस. मी ती रेघ बघायला रोज बाहेर जायचो, कारण कोल्हापूर त्याच बाजूला. खरं तर तिथून सगळं जगच त्या बाजूला. एकदा वादळ सुटलं होतं, पाच दिवस दार उघडता आलं नव्हतं. दुपारी जेवून आम्ही पत्ते खेळत बसलो होतो, आणि जनरेटरच्या आवाजात मला काहीतरी खुपायला लागलं. बाकी कुणालाच फरक कळत नव्हता. मी पत्ते टाकून उठलो. मुख्य जनरेटरच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जायला आलं होतं. आणखी तासाभरात इंजिन गरम होऊन अडकलं असतं, आणि दुसरा जनरेटर मी दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. ते वीस मिनिटांत मी कसं बदललं ते माझं मला माहीत. तो बंद पडला असता तर पंचवीस माणसांच्या अंगावर भिंती गोठायला वेळ लागला नसता. लीडर म्हणाले, तुला कळलं कसं? मी म्हणालो, आमच्या गिरणीत कळायचं. तुला हे फोनवर सांगायचं होतं. पण फोन पंधरा दिवसांतून एकदा, तीन मिनिटांचा. आणि ऐकून तू घाबरली असतीस.

फोनवर तू दर वेळी तेच विचारायचीस. "सूर्य उगवला काय?"

"न्हाई अजून."

"बरं," म्हणायचीस आणि फोन अक्काकडे द्यायचीस. मला वाटायचं तुला तेवढंच सुचतं. जुलै संपता संपता एका दुपारी क्षितिजावर सूर्याची कड दिसली. आम्ही सगळे बाहेर जाऊन लहान पोरांसारखे ओरडलो. त्यानंतरच्या फोनवर तुला सांगितलं, उगवला. तू म्हणालीस, "उगवला? खरंच?" आणि पुढे बोललीच नाहीस. मला वाटलं लाईन कटली.

ते का, ते मला घरी आल्यावर अक्कानं सांगितलं. माझ्याकडे सूर्य नव्हता ते दोन महिने तू एकभुक्त राहिली होतीस. दिवसातून एकदाच जेवण, बाकी पाणी, तेही उजेड असेपर्यंत. माझ्या पोराला सूर्य न्हाई, तो अंधारात जेवतोय, त्याच्या दोषाचं अर्धं मी भरतो, असं तू अक्काला म्हणाली होतीस. आपल्याकडच्या बायका बोलतात तसं तू 'मी जातो, मी करतो' असंच बोलायचीस. आणि हे एकभुक्त दळणाची पोती ओढत, उभ्यानं दिवस काढत, पंचावन्नाव्या वर्षी. अक्का सांगत होती आणि तिचा आवाज चढत होता. "पट्ट्याशेजारी चक्कर येऊन पडली ती. पदर पट्ट्यात गेलता. मी बटन बंद केलं म्हणून. तू तिकडं बर्फ बघत बस!"

मी तुझ्यासमोर येऊन बसलो. तू माझ्या गालाची काळी पडलेली, सोललेली कातडी बोटानं बघत होतीस. रागावू की पाया पडू, मला कळेना. तू एवढंच म्हणालीस, "आता बास. शपथ घे." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

चार वर्षं पाळली. ती चार वर्षं कशी गेली ते तुला कळू दिलं नाही असं मी समजत होतो. वर्कशॉप सुरू केलं, कामं चांगली मिळत होती. पण रस्त्यानं चालताना मला सगळीकडे भिंती दिसायच्या. तिथे कशालाच वास नसतो अव्वा. वर्षभर वासाशिवाय राहून परतताना, किनारा दिसायच्या एक दिवस आधी, वाऱ्यावर मातीचा आणि पाल्याचा वास आला होता आणि डेकवरचे आम्ही सगळे रडलो होतो. तोच माणूस मी, आणि आता कोल्हापुरात मला सगळ्याचाच वास जास्त व्हायला लागला. एका कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीचं काम मी घेतलं होतं. काम संपल्यावरही मी आत थांबायचो, दार लावून, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून. एकदा तू मला बोलवायला तिथे आलीस. वॉचमननं दार उघडून दिलं. मी कानटोपी घालून अंधारात एकटाच बसलेला तुला दिसलो. तू मला घेऊन रिक्षात बसलीस.

त्यानंतर महिन्याभरात तू वर्कशॉपमध्ये आलीस. हातात पेपर. घडी घालून, जाहिरात वर येईल असा धरलेला.

"आलिया बघ."

"अव्वा, मी शपथ घेतलीया."

"मी घातलेली, मीच सोडवतो. मन तिकडं आनि अंग हिकडं, असला मानूस घरात ठेवून मी काय करू? तुझं अंग तेवढं जेवतंय माझ्याफुडं." मग म्हणालीस, "आनि ऐक. ह्या टायमाला मी दोन वेळा जेवतो. तू बी पोटभर जेव."

मी पुन्हा गेलो. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. सूर्य गेल्यावर मी रोज बाहेर जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचो. आकाशात हिरवा प्रकाश वाऱ्यात धोतर हलावं तसा हलायचा, पायाखाली बर्फ मध्येच तडकायचा, आणि तिकडे तू दोन वेळा जेवतेस एवढा भरवसा होता. परत आलो, लग्न केलं, पोर झाली. तू गिरणी बंद केलीस आणि नातीला मांडीवर घेऊन दिवेलागणीच्या आत तिला भरवायला लागलीस.

तुझ्या शेवटच्या महिन्यात तू मला दुपारी जवळ बसवून म्हणायचीस, तिथलं सांग. मी सांगायचो, तू डोळे मिटून ऐकायचीस. एका दुपारी मध्येच डोळे उघडलेस.

"मी शिखरजीला गेलतो तवा एकदा हरवलो, तुला ठाव हाय?"

माहीत होतं. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट, घरात कितीदा सांगितलेली. गावच्या मंडळींबरोबर सम्मेदशिखरच्या यात्रेला गेलीस, डोंगर उतरताना वाट चुकलीस, सगळे तासभर शोधत होते, तुझ्या वडिलांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"वाट चुकलो न्हवतो," तू म्हणालीस. "झाडीत एक पायवाट आत गेलती. कुनी न्हवतं तिकडं. मी गेलो आनि बसलो. हाका ऐकू येत हुत्या मला. उठावंसंच वाटंना." मग माझा हात धरलास. "कुनाला सांगितलं न्हाई आजपातूर. तुझी ही खोड माझीच हाय बाबा."

चाळिशी ओलांडलेला मी, दोन हिवाळे बर्फात काढून आलेला, आणि माझ्या आईनं आयुष्यभर एका लहानशा जागेत पोती ओढली, मनात ती पायवाट ठेवून. मी घाटातून परत आलो तेव्हा तू एवढा वेळ माझ्याकडे का बघत होतीस ते मला त्या दुपारी कळलं. तुला विचारायचं होतं की घाटात आणखी काय बघितलं असतंस, तुला कुठे जायचं होतं. उद्या विचारू म्हटलं. तुला झोप लागली होती. चार दिवसांनी तू गेलीस, आणि त्या चार दिवसांत तू फारशी शुद्धीवर नव्हतीस.

तू गेल्यावर मी तीनदा अर्ज केला. पहिल्यांदा ब्लड प्रेशर निघालं, दुसऱ्यांदा साखर, तिसऱ्यांदा डॉक्टरनी फाईल मिटून ठेवली आणि म्हणाले, काका, आता तरुणांना जाऊ द्या. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. अजून फ्रीझरचं दार उघडलं की मी उगाच थोडा वेळ उभा राहतो. बायको म्हणते, काय पाहिजे ते घ्या आणि दार लावा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तुझी नात चोवीस वर्षांची झाली. भूगर्भशास्त्र शिकली, आणि ह्या वर्षी तिनं मोहिमेला अर्ज केला. मला न विचारता. मुलाखतीत पास झाली तेव्हा पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "बाबा, उन्हाळी टीम आहे, चारच महिने. पण पुढं हिवाळ्याला पण थांबणार बघा मी." मी तिला बर्फातल्या भेगांबद्दल सांगितलं, वादळाबद्दल सांगितलं, बोटं गमावलेल्या एका माणसाबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मी ओळखलं. सांगेन तेवढी तिची ओढ वाढत होती. घरी बायको म्हणाली, "बापाचं काळीज आहे, घाबरणारच." अक्काचा फोन आला, तीही तेच म्हणाली, आता कळलं का अव्वाला काय झालं असेल? मी दोघींनाही व्हय म्हणालो.

पण ते खरं नाही अव्वा. गेल्या आठवड्यात ती फील्डवर्कला रानात गेली होती, तिचा फोन लागत नव्हता, म्हणून मोहिमेच्या ऑफिसनं माझ्या नंबरवर फोन केला. तपासणीची तारीख ठरली होती, तिला दिल्लीला बोलावलं होतं, लगेच कळवा म्हणाले. संध्याकाळी ती घरी आली, अंघोळ केली, माझ्यासमोर बसून जेवली. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, म्हणालो, आत्ताच फोन आला होता. तिनं धावपळ करून तिकीट काढलं, वेळेत पोचली, तपासणीत पास झाली. माझ्याबद्दल तिच्या मनात शंकाही नाही. परवा दिल्लीहून फोन करून म्हणाली, बाबा, तुमच्यामुळे झालं सगळं. काल घरी परत आली.

तुझ्यासारखी काळजी वाटून मी ते दोन दिवस गप्प बसलो असतो तर तुला हे लिहावं लागलं नसतं. मला तिच्यासाठी भीती एकदाही वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला.